जुन्या हार्ड डिस्कमधला ऐवज

जुन्या संगणकातल्या हार्ड डिस्कवरचा डेटा नव्या संगणकात आणणे हे बोलायला एक काम आहे, प्रत्यक्षात ती पाच कामे असतात. डिस्कचे तोंड नव्या यंत्राशी जुळावे लागते. तिला योग्य वीज मिळून ती फिरावी लागते. फिरली तर तिच्यावरची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टिम, नव्या यंत्राला कळावी लागते. कुलूप असेल तर ते उघडावे लागते. आणि एवढे सगळे पार पडून फाइल हाती आली तरी ती वाचता यावी लागते. धास्ती बहुधा पहिल्या पायरीची घेतली जाते, पण खरी अडवणूक पुढे होते. मराठी मजकुराच्या बाबतीत तर ती हमखास शेवटच्या पायरीवर होते.

घरोघर ‘सीपीयू’ या नावाने ओळखला जाणारा खोका उघडला की साडेतीन इंची डिस्क स्क्रूंनी पक्की बसवलेली दिसते. तिची मागची कड पाहिली की तिचा जमाना कळतो. दोन ओळींत वीस-वीस टाचण्यांसारख्या पिना आणि शेजारी चार जाड पिनांचे वीज घेण्याचे तोंड असेल, तर ती आयडीई किंवा पाटा जातीची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून साधारण २००५पर्यंत घरगुती संगणकांत हीच जात चालत होती. दोन चपट्या, कोपऱ्यात वळलेल्या पट्ट्या असतील, एक सात संपर्कांची आणि दुसरी पंधरा, तर ती साटा. साटा २००३मध्ये आली, आणि २००६ साली इंटेलने आपल्या नव्या चिपसेटमधून आयडीईला रजा दिली. साटा डिस्क आजच्या डेस्कटॉपलाही सहसा तशीच्या तशी जोडता येते. अडतात त्या आयडीई डिस्का.

त्यांच्यासाठी यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागितला की दुकानदार बहुधा असा एक काढून देतो, ज्याच्या एका ठोकळ्यावर तीन तोंडे असतात: साडेतीन इंची आयडीई, लॅपटॉपची अडीच इंची आयडीई आणि साटा. सोबत वेगळा वीजपुरवठा आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात आणि यूएसबीच्या साध्या वायरीतून १२ व्होल्ट येत नाहीत. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर भागवते, तरी जुन्या यूएसबी पोर्टवर तीही कधी कधी फिरायला लागून पुन्हा थांबते.

जोडताना घाई नडते. आयडीईच्या चाळीस पिनांतली मधली एक बहुधा मुद्दाम गाळलेली असते, म्हणजे प्लग उलटा बसू नये. पट्टीसारख्या केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे, म्हणजे सहसा विजेच्या तोंडाच्या बाजूला येते. विजेच्या प्लगचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात. तरीही स्वस्त कन्व्हर्टरचा मऊ प्लग जोर लावला तर उलटा शिरतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्कचा बोर्ड जळतो. लॅपटॉपच्या डिस्कला चव्वेचाळीस पिना असतात आणि थोडे अंतर सोडून जंपरच्या आणखी चार. प्लग चुकून त्या चारांवर सरकला तर पिना वाकतात. जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी शेंगदाण्याच्या दाण्याहून लहान टोपी. एका केबलवर दोन डिस्का असत तेव्हा कोण ‘मास्टर’ आणि कोण ‘स्लेव्ह’ हे त्या टोपीवरून ठरे. कन्व्हर्टरला डिस्क बहुधा मास्टर लागते. टोपी कुठे बसवायची याची आकृती डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते. डिस्क फिरते आहे पण संगणकाला दिसत नाही, या तक्रारीत आधी ही टोपी तपासावी.

वीज देण्यापूर्वी डिस्कची तब्येत पाहावी. दहा-पंधरा वर्षे माळ्यावर पडलेली डिस्क धूळ पुसून लगेच चालू करू नये. विशेषतः पावसाळ्यात किंवा एसीच्या खोलीतून बाहेर आणली असेल, तर तिला काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत बोर्डाखालचे संपर्क काळे पडलेले आढळतात. आतली रचना नाजूक असते. वाचणारे हेड फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते, आणि त्या मानाने धुळीचा कण म्हणजे धोंडा. म्हणूनच डिस्कचे झाकण घरी कधीही उघडू नये. फ्रीजरमध्ये ठेवून डिस्क जिवंत करण्याचा तोडगा अजून सांगितला जातो. त्याने आत दव धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

पहिल्यांदा चालू करताना कान डिस्ककडे असावा. एकसुरी घरघर चढत जाऊन स्थिर झाली तर ठीक. ठरावीक लयीत टक्-टक् येत राहिले तर हेडला जागा सापडत नाही असे समजावे आणि वीज ताबडतोब बंद करावी, कारण त्यानंतरचे प्रत्येक मिनिट तबकडीवर ओरखडे उठवू शकते. अशी डिस्क, तिच्यात खरोखर मोलाचे काही असेल तर, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी. आधी चार जणांनी हात चालवलेली डिस्क त्यालाही वाचवणे अवघड जाते. आवाज ठीक असेल तर स्मार्ट नावाची डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद वाचता येते. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम पुरतो, मात्र काही कन्व्हर्टर ही नोंद पुढे जाऊ देत नाहीत. तिच्यात बाद होऊन बदललेल्या आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचे आकडे बघायचे. दुसरा आकडा शून्य नसेल तर वेळ थोडा आहे.

डिस्क दिसली की विंडोजची आगंतुक मदत सुरू होते. ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी पाटी येते, किंवा डिस्क मॅनेजमेंट उघडले तर ती ‘इनिशिअलाइझ’ करण्याची सूचना. दोन्ही ठिकाणी नकार द्यावा. या पाटीचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसतो, तिची मांडणी आपल्याला समजली नाही एवढेच विंडोज सांगत असते. ‘हो’ म्हटले की जुन्या मांडणीवर नवी लिहिली जाते. हौसेने चेकडिस्क चालवणेही टाळावे. ते दुरुस्ती म्हणून डिस्कवर लिहिते, आणि आजारी डिस्कवर लिहिणे धोक्याचे असते.

आकारावरूनही गैरसमज होतात. ८० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ७४.५ जीबी दिसते. यात काही हरवलेले नसते: डिस्कवाला हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १,०२४च्या. मोठी डिस्क १२८ जीबीच्या आसपास अडकलेली दिसली तर मात्र मधला कन्व्हर्टर किंवा जुनी प्रणाली २८ बिटांच्या पत्त्यावर थांबलेली असते. त्या पत्त्याची मर्यादा १३७ अब्ज बाइट, म्हणजे विंडोजच्या मोजणीने १२८ जीबी. २००२च्या सुमारास ४८ बिटांचे पत्ते आले आणि ती भिंत पडली. यूएसबी खोक्यातल्या बाह्य डिस्कांची तऱ्हा आणखी निराळी. खोके मोडले म्हणून आतली डिस्क काढून थेट साटाला जोडली तर ती कोरी दिसू शकते. काही खोक्यांतला बोर्ड सेक्टरचे माप बदलून संगणकाला दाखवतो, काहींतला बोर्ड पासवर्ड ठेवलेला नसतानाही सगळा मजकूर सांकेतिक करून लिहितो. अशा वेळी तोच बोर्ड किंवा त्याच मॉडेलचा दुसरा शोधावा लागतो.

मांडणीचे म्हणावे तर फॅट आणि एनटीएफएस या दोन विंडोजच्या घरच्या, त्या आजही वाचता येतात. लिनक्सची एक्स्ट-४ विंडोजला आपोआप दिसत नाही. मॅक एनटीएफएस वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. फार जुन्या मॅकची मूळ एचएफएस मांडणी तर २०१९च्या कॅटलिनापासून मॅकनेच सोडून दिली. या सगळ्यांवर एक सोपा इलाज आहे: लिनक्स भरलेल्या पेन ड्राइव्हवरून नवा संगणक तात्पुरता चालू करावा. त्याला यातले बहुतेक सगळे कळते आणि डिस्क ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून जोडता येते.

कुलपांत दोन जाती पडतात. जुन्या विंडोजमधल्या ‘प्रवेश नाकारला’ या पाटीमागे साधी मालकीची नोंद असते. नव्या संगणकाच्या प्रशासकाला फोल्डरची मालकी घेऊन ती बदलता येते. सांकेतिक केलेला डेटा ही दुसरी जात, आणि तिथे मालकीचा उपयोग नाही. विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांची नावे हिरव्या अक्षरांत दिसत त्या फाइली त्या वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राशिवाय उघडत नाहीत. विंडोज नव्याने टाकताना ते प्रमाणपत्र गेले असेल तर फाइलीही गेल्या. बिटलॉकरला ४८ अंकी किल्ली लागते. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर मालकाच्या नकळत चालू असू शकतो, आणि तेव्हा किल्ली बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. डिस्क बाहेर काढण्याआधीच ती कागदावर उतरवून घ्यावी.

आता प्रत्यक्ष हलवणे. धडधाकट डिस्कवरून फोल्डर कॉपी केले तरी चालते. डिस्क म्हातारी असेल तर फाइल-फाइल कॉपी करण्यापेक्षा अख्ख्या डिस्कची प्रतिमा घेणे हिताचे. म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे असेल ते जसेच्या तसे एका मोठ्या फाइलमध्ये उतरवायचे. ८० जीबी डिस्कची अशी प्रतिमा, डिस्क अर्धी रिकामी असली तरी, ८० जीबी जागा घेते. पण मूळ डिस्क एकदाच सलग वाचली जाते आणि पुढचे सगळे उकरणे प्रतिमेवर चालते. नेहमीची कॉपी एका खराब सेक्टरपाशी अडून बसते आणि हेड तिथेच डोके आपटत राहते. जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वेगळ्या तऱ्हेने चालतो. तो आधी सुस्थितीतले भाग झरझर उचलतो, दुखऱ्या जागा ओलांडून पुढे जातो आणि कुठे काय राहिले याचा नकाशा लिहून ठेवतो. मग त्या राहिलेल्या जागांकडे वळतो. वीज गेली तरी नकाशावरून काम पुढे सुरू होते. सेकंदाला ३० एमबीचा वेग धरला तर ८० जीबीला पाऊण तास लागतो. बारीक बारीक हजारो फाइली एकेक करून नेताना हेडला सारखे इकडे-तिकडे पळावे लागते आणि तेवढ्याच डेटाला कितीतरी पट वेळ जातो.

काय न्यायचे हे ठरवताना डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ उचलून समाधान मानले जाते. मात्र दुकानाचे हिशेब तिथे नसतात. टॅलीच्या जुन्या आवृत्त्यांचा डेटा टॅलीच्याच फोल्डरमधल्या ‘डेटा’ या उपफोल्डरात असे, आणि कंपनीचे नाव नव्हे तर नुसता आकडा हेच त्या फोल्डरचे नाव. अनोळखी माणसाला तो कचरा वाटतो. टॅली ७.२चा हा डेटा ईआरपी ९मध्ये आणायला रूपांतराची स्वतंत्र पायरी होती, नुसती कॉपी पुरत नसे. आउटलुकची पत्रे लपवलेल्या फोल्डरात खोल दडलेली असतात. म्हणून जागा असेल तर निवड करत बसू नये, सगळे न्यावे.

प्रोग्राम मात्र असे येत नाहीत. प्रोग्रामचे फोल्डर कॉपी केले तरी विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, त्याची नोंद नसते आणि तो चालत नाही. जुनी डिस्क नव्या संगणकात घालून तिच्यावरचे विंडोज सुरू करण्याचा प्रयत्नही बहुधा निळ्या पडद्यावर संपतो. त्या विंडोजला नव्या मदरबोर्डचे ड्रायव्हर माहीत नसतात, आणि आजच्या यूईएफआय पद्धतीने सुरू होणारी यंत्रे एक्सपीच्या पद्धतीची डिस्क सुरू करत नाहीत. जुना प्रोग्राम चालवणे भागच असेल तर जुना संगणक जिवंत असतानाच डिस्क-टू-व्हीएचडी या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने त्याची प्रत करून ती आभासी यंत्रात चालवता येते. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले डॉसचे हिशेब डॉसबॉक्समध्ये उघडता येतात.

मराठी फाइलींची अडचण या सगळ्यांहून वेगळी. १९९० आणि २०००च्या दशकांत मराठी मजकूर मुख्यतः श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, शिवाजी अशा पॅकेजांत आणि फाँटांत टंकला जाई. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांचे दाखले, सगळे त्यांत आहे. त्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या तर पानभर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे दिसतात. फाइल बिघडली असे समजून ती पुसली जाते. फाइल शाबूत असते, हरवलेला असतो तो फाँट.

याचे कारण त्या फाँटांच्या घडणीत आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला त्याचा क्रमांक असतो. या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या अडीचशेएक घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले होते: एका घरात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. म्हणजे फाइलमध्ये साठवली गेली ती अक्षरे नव्हेत, त्यांचे आकार, आणि तेही कागदावर डावीकडून उजवीकडे जसे दिसतात त्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. ‘सूर्य’ लिहिताना स, ऊकार, य आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये वेलांटी कच्या नंतर येते आणि ‘सूर्य’मधला र यच्या आधी. त्यामुळे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला नुसते कोष्टक पाहून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. तिथेच तो चुकतो: रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ‘र्‍या’चा आणि ‘ट्र’चा घोळ होतो. शिवाय कोष्टक फाँटागणिक वेगळे, एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्यांतही ते बदललेले असू शकते.

म्हणून क्रम असा ठेवावा. जुन्या संगणकावरच्या फाँट फोल्डरातले सगळे फाँट आधी उचलावेत. ते नव्या संगणकावर टाकले की बहुतेक वर्ड फाइली पुन्हा मराठीत दिसतात. ज्यांचे महत्त्व मोठे त्या फाइलींचे युनिकोड रूपांतर मग करावे, आणि ते मूळ वर्ड फाइलवरून करावे. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवला की कोणता शब्द मराठी फाँटातला आणि कोणता खरोखरीचा इंग्रजी हा भेद पुसला जातो, आणि रूपांतरात मधले इंग्रजी शब्दही देवनागरी तुकड्यांचा चिवडा होऊन बाहेर पडतात. रूपांतरानंतर प्रूफ वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

पेजमेकरमध्ये लावलेली पाने हा याच्याही पुढचा पेच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि त्याच्या फाइली उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती सीएस-६. त्यात मराठी पॅकेज चालायला कित्येकदा डाँगल म्हणजे हार्डवेअरचे कुलूप लागे. जुना संगणक अजून सुरू होत असेल, तर अशी पाने तिथेच उघडून पीडीएफ करून घ्यावीत. त्या फाइली वाचणारे ते कदाचित शेवटचे यंत्र असते. डिस्क काढून तो खोका भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये.

हलवून झाल्यावर पडताळणी करायची. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतात का हे पाहणे किमान. नीट करायचे तर दोन्हीकडच्या फाइलींची शा-२५६ बेरीज काढून ताडून पाहावी. एक बिट बदलला तरी ही बेरीज पार वेगळी येते. तारखांकडेही लक्ष असावे. साध्या कॉपीत फाइल बदलल्याची तारीख टिकते, पण ‘निर्मिती’च्या रकान्यात कॉपी केल्याची तारीख पडते. फोल्डरांच्या तारखाही जपायच्या असतील तर विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञा वापरता येते. फोटो काढल्याची तारीख बहुधा फोटोच्या आतच असते, तिला धक्का लागत नाही.

आलेला डेटा एकाच जागी ठेवू नये: एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर, तिसरी घराबाहेर. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी निवडू नये. तिच्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळता तो हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीचे लिहिण्याचे ठरलेले आयुष्य सरल्यावर ३० अंश सेल्सिअसला वर्षभर डेटा टिकावा, एवढीच उद्योगमानकाची अपेक्षा आहे, आणि नागपूरचा उन्हाळा ३० अंशांवर थांबत नाही.

जुनी डिस्क निदान काही महिने, नव्या प्रतींतल्या फाइली उघडून पाहून होईपर्यंत, जपून ठेवावी. नंतर ती भंगारात न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावी. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. देण्यापूर्वी चालू डिस्क एकदा पूर्ण शून्यांनी भरून घ्यावी, नुसते फॉरमॅट मारून मजकूर जातोच असे नाही. बंद पडलेल्या डिस्कला ड्रिलने तबकड्यांतून आरपार भोके पाडतात. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि भोक पाडताना त्यांच्या ठिकऱ्या उडतात, त्यामुळे डोळ्यांवर जाड चष्मा हवा.